वीस केबीची सही

उभा जन्म शिलाई मशीनवर काढलेल्या आईने कोऱ्या कागदावर सही केली, फोनने सहीचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर घेतला. सरकारी साइटने तो नाकारला. वीस केबीपेक्षा मोठी सही चालणार नव्हती.

“दे, मला पाठव. दोन मिनिटांत छोटी करतो,” मुलगा सोफ्यावरून म्हणाला.

“नको.” तिने ब्राउझरमध्ये एक पान उघडलं आणि उठून राउटरची पिनच काढली.

“अगं, नेटशिवाय कसं होईल?”

“होतं. हे पान सगळं इथल्या इथे करतं, फोटो घराबाहेर पाऊल टाकत नाही. वाचनालयातल्या बाईंनी शिकवलंय.”

कापड बेतावं तशी तिने सहीभोवतीची पांढरी जागा कापली, पानावरची आकार कमी करायची पट्टी डावीकडे सरकवली. अठरा केबी. मग पिन परत लावली आणि फाइल चढवली.

मुलाला हसू आवरेना. “तू म्हणजे ना, ताकही फुंकून पितेस!”

“दुधाने तोंड पोळलंय म्हणून.”

“पण अर्ज आहे कसला?”

तिने बटण दाबलं, पडद्यावर पोचपावती येईपर्यंत थांबली आणि मगच खुर्ची त्याच्याकडे वळवली. “गेल्या वर्षी तू माझी सही छोटी करायला म्हणून घेतलीस, आणि हे घर तुझ्या नावावर झालं. त्याची तक्रार आहे.”

मुलगा ताडकन उठला. त्याचा हात राउटरच्या पिनेकडे गेला.

“खुशाल काढ,” आई म्हणाली. “सही पोचली.”