सातच्या पुढे

डिंकाच्या टाकीवर बारा वर्षं काढलेली बाई घुसळणीच्या वेगाचा काटा सातच्या पुढे कधी जाऊ देत नसे. नवा सुपरवायझर आला होता रंगाच्या कारखान्यातून. रंग बिचारा पातळ. कितीही गरगरा फिरवा, मुकाट कडेला पळतो. त्यानं आल्या आल्या काटा दहावर नेला.

"साहेब, नको. हा डिंक पाण्यासारखा नाही, ताणलेलं लक्षात ठेवतो. सातपर्यंत गरीब गाय, पुढे बिथरला की फिरत्या दांड्यावरच चढतो."

"तू मला शिकवणार?" म्हणत त्यानं सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली जाळ काढला.

गाल धरून बाई मागे सरली. टाकी तशीच शांत. "बघ, काय झालं?" म्हणत साहेब टाकीवरच्या फळीवर चढला आणि शिंतोडे कडेला उडणार म्हणून बरोब्बर मधोमध, दांड्याशी ओणवा झाला.

डिंक एकदम उसळला, दांड्यावरून सरसर वर आला आणि त्यानं साहेबाची बाही धरली. आधी कापड पिळलं, मग हात. हाड मोडल्याचा आवाज मशीनच्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू आला.

"बंद कर! अगं, बंद कर ना!"

लाल बटण बाईच्या उजव्या हाताशीच होतं, आणि तिनं ते दाबलंही. फक्त तो हात अजून गालावर होता. तिथून काढायला तिला जरा वेळ लागला.