ड्रमची रिकामी जागा

“इथे आवाज गेल्यासारखं वाटतंय,” दिग्दर्शक म्हणाला. “लोक शिट्ट्या मारतील.”

“मारू देत,” पिपाणी म्हणाली.

सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांसाठी तिने एक जुनं रॉक गाणं नव्याने बांधलं होतं. मूळ गाणं म्हणजे नुसता दणदणाट. एके काळी कॉलेजातली पोरं ते घसा फुटेस्तोवर ओरडायची. तिने सगळा दंगा काढून टाकला. एक पियानो ठेवला आणि एक दबका आवाज. दिग्दर्शक खूश होता. फक्त दुसऱ्या कडव्यानंतर, जिथे मूळ गाण्यात ड्रम कडाडायचे, तिथे तिने काहीच ठेवलं नव्हतं. गाणं थांबायचं, पाट्या मुकाट सरकायच्या आणि मग पुन्हा पियानो.

दिग्दर्शकाने समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. ती बधली नाही. गाण्याला श्वास लागतो, असं काहीतरी तिने ठोकून दिलं. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

गाणं तिच्या दादाचं होतं. त्यानेच रचलेलं, त्यानेच गायलेलं. तालीम घरी, मागच्या खोलीत चालायची. तिथे ड्रम मावत नसत, म्हणून ड्रमच्या जागी नुसती शांतता यायची, आणि ती भरायला दादा चालीतच ओरडायचा, “आई, चहा टाक.” रेकॉर्डवर हे नाही. त्या घराबाहेर हे कुणाला ठाऊकही नाही.

मग एक दिवस आई म्हणाली, या घरात एक तर हा गोंगाट राहील, नाही तर मी. दादा गिटार घेऊन निघाला तो गेलाच. पत्ता नाही, फोन नाही. पिपाणी हे नाव त्यानेच ठेवलेलं. लहानपणी ती एकदा रडायला लागली की थांबायची नाही म्हणून. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

तिचा बेत वेडगळ होता, हे तिलाही कळत होतं. दादा कुठेही असला तरी स्वतःचं गाणं ऐकायला एकदा येईलच. आणि ती जागा आली की त्याच्याने गप्प राहवणार नाही.

सिनेमा लागला. काम आटोपलं की ती संध्याकाळचा खेळ गाठायची. रोज वेगळं थिएटर, पण रांग शेवटचीच. पाट्या संपल्या की उठायची. त्या जागेवर कुणी खोकायचं, कुणी मोबाइल काढायचं. एकदा खरोखरच शिट्टी वाजली. घरी येऊन ती कुलूप उघडायची, दिवा लावायची आणि कुणाशी तरी बोलावं म्हणून आईला फोन करायची.

आई जुन्या घरात एकटी राहायची. तिचं बोलणं गुडघ्यांपासून सुरू व्हायचं आणि गुडघ्यांवरच संपायचं. दुपारी फोन का उचलत नाहीस म्हटलं, तर म्हणे, डोळा लागतो. दादाचं नाव तिच्यापुढे काढायची सोय नव्हती. सिनेमात कोणतं गाणं आहे ते सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, ते सुरुवातीलाच वाजतं ना? पिपाणी हो म्हणाली.

“म्हणजे उशिरा गेलं की सुटका,” आई म्हणाली आणि पुन्हा गुडघ्यांवर आली.

पिपाणीला तिचा भयंकर राग आला. पुढचे काही दिवस तिने फोनच केला नाही.

सिनेमा फार चालला नाही. एकेक थिएटर गळत गेलं. शेवटी जुन्या घराजवळच्या थिएटरात तेवढा दुपारचा खेळ उरला, आणि तोही उद्यापासून बंद. पिपाणीने कामाला दांडी मारली आणि तिकीट काढलं.

आत पाट्या सुरू झालेल्याच होत्या. डोकी इनमीन पाच-सात. ती चाचपडत मागच्या खुर्चीत बसली. आज नाही तर कधीच नाही. पहिलं कडवं गेलं. दुसरं संपलं. गाणं थांबलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून, अंधारातून, एक म्हाताऱ्या बाईचा आवाज चालीत उठला.

“चहा टाकलाय रे. ये आता घरी.”