घरावरचा पत्रा

वादळ जाऊन नऊ दिवस झाले तरी वीज आली नव्हती. घराचे निम्मे पत्रे उडाले होते आणि रमाकांत ओटीवर बसून बागेतल्या आडव्या पडलेल्या पोफळींकडे नुसता बघत होता.

त्याची बायको दर्शना रहाटाने पाणी ओढायची, ओली लाकडं फुंकून भात शिजवायची आणि उरलेल्या छपराखाली मुलींना निजवायची. दहाव्या दिवशी पुन्हा आभाळ भरून आलं. तिने पदर खोचला, शेतात पडलेला एक पत्रा ओढत आणला आणि शिडी लावली.

"बाईमाणसाने घरावर चढू नये गो!" सासू अंगणातून ओरडली.

"मग तुमच्या मुलाला चढवा," म्हणत दर्शना वर पोचली आणि दोरीने पत्रा ओढू लागली.

"पडशील! उतर खाली!" रमाकांत ओरडला.

"मदतीला यायचं तर या. नाहीतर ओरडू नका."

तो उठला. अंगणात येऊन वर बघत राहिला.

"वॉशरशिवाय खिळा ठोकलास तर पाणी गळेल," तो अखेर म्हणाला.

"मग या आणि तुम्हीच ठोका."

त्याने खिशात वॉशर भरले आणि तो चढू लागला. खाली सासूने शिडी घट्ट धरली होती.