बसून जायचं

"पाहून घ्या वहिनी," नत्थूजी मिस्त्रीनं लांब गाडीचं मागचं दार उघडलं, आतला बाक पाडला आणि त्यावर थाप मारली. "खाटच झाली का नाई? माणूस लांबच्या लांब निजते इथं."

सुलोचनानं आत वाकून पाहिलं. खरंच खाटेएवढी जागा होती. पिपरीतल्या त्या अंगणात निंबाखाली सकाळपासून दोन गाड्या उभ्या होत्या. एक ही नत्थूजीची लांब पाठीची जुनी अँबॅसिडर, राखी रंगाची, पोपडे आलेली. दुसरी लाल, छोटीशी मारुती. ती ओमप्रकाशची. ओमप्रकाश तिच्या नवऱ्याचा, वासुदेवरावांचा मित्र. त्याची बदली झाली होती आणि जाण्याआधी गाडी विकून टाकायची होती. दोघांनाही आजच उत्तर हवं होतं.

वासुदेवराव त्या लाल गाडीभोवती फिरत होते. मागची काच वर करायचे, खाली पाडायचे, पुन्हा वर करायचे.

"पेट्रोल काहीच खात नाई. गल्लीत गर्रकन वळते. अन् पिपरीत हाये कोनापाशी अशी?"

"आणि आईले काय टपावर बांधून नेता?" सुलोचना म्हणाली.

सासूबाई, लीलाबाई, पोळ्याच्या सुमारास न्हाणीत पडल्या तेव्हापासून आतल्या खोलीत होत्या. कंबर सांधली, पण बसलं की कळ मस्तकात जायची. तरी रोज एकच घोकणी, हिंगणीले कधी नेता? हिंगणीला त्यांची बहीण होती, आनंदाबाई. तिची दृष्टी गेलेली, तिला येता येत नव्हतं. म्हणून गाडी घ्यायची ठरली. आणि ठरल्या दिवसापासून घरात बोलणं चाललं होतं ते रंगाचं, वळण्याचं आणि लोक काय म्हणतील त्याचं. सुलोचना तेच ते सांगून थकली होती. भिंतीनं तरी एखाद्या वेळी हूं म्हटलं असतं.

"बरं बाप्पा," वासुदेवरावांनी काच आपटली. "घेऊन टाकू तुझी लांबडी. मंग म्हणू नको, पेट्रोल काऊन सरलं म्हणून."

"आधी आईले निजवून पाहू," ती म्हणाली. आता तिला कसलीच फट ठेवायची नव्हती.

चौघांनी गादीचे चार कोपरे धरले. वासुदेवराव आणि ओमप्रकाश पुढे, नत्थूजी आणि सुलोचना मागे. लीलाबाईंना तसंच उचलून बाहेर आणलं. उन्हानं त्यांनी डोळे मिटले. कुंपणापलीकडे शेजारची विमलाबाई डाळ निवडत होती. गादी अंगणात येताना पाहून ती सूप खाली ठेवून उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि नकळत हात जोडले.

लीलाबाईंनी नेमके तेव्हाच डोळे उघडले होते.

"थांबा," त्या म्हणाल्या.

गादी गाडीच्या उघड्या दाराशी अर्धवट लोंबकळत थांबली.

"मले आडवी काऊन घालून राह्यले? चौघं उचलून नेतील तवा निजूनच जाईन ना. आता मले बसून जायचं हाये." त्यांनी मान वळवली. "थे लाल कोनाची? त्यात बसवा. पुढं."

"आई, ताटावर बसवत नाई तुमच्याच्यानं!" सुलोचनाचा आवाज चढला. "हिंगणीपर्यंत कशा बसान?"

"थे मी पाहीन."

वासुदेवराव हसले. अगदी मोकळेपणी. तेच तिला झोंबलं.

"मी कवाचा तेच म्हणून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"तुम्ही तसं नव्हते म्हणत. तुम्ही पेट्रोल म्हणत होते."

नत्थूजीनं पाडलेला बाक उभा केला आणि दार लावून घेतलं.

मारुतीची पुढची खुर्ची होईल तितकी मागं लोटली, पाठीशी उशा दिल्या. लीलाबाईंना बसवताना त्यांचा चेहरा पांढरा पडला, ओठ घट्ट मिटले. त्या एका बाजूला कलू लागल्या, तशी सुलोचना मागच्या बाजूनं आत शिरली. कोणीतरी धरायलाच हवं होतं. दुसरं कोणी शिरलं नाही.

"आता फाटकापर्यंत नेऊन पाहू, माय," वासुदेवरावांनी चावी फिरवली.

"फाटक काय पाह्यचं? हिंगणीले चाल."

गाडी हिंगणीकडं जाणाऱ्या सेलूच्या रस्त्याला लागली. सुलोचनानं खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी हात घालून सासूबाईंना काखांखाली धरलं होतं. गाल खुर्चीच्या पाठीला टेकलेला. खड्डा आला की सारा भार तिच्या मनगटांवर यायचा. बोटं बधिर होऊ लागली होती. तिच्या डोळ्यांसमोर लीलाबाईंचा विस्कटलेला अंबाडा होता, बाकी काहीच नव्हतं. लांब गाडीत ती त्यांच्या उशाशी मांडी घालून बसली असती. हे तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार कोणाला?

"सुलोचना," पुढून आवाज आला. धाप लागलेला, पण ताठ. "कापूस पाह्य कसा फुटला."

"मले दिसत नाई, आई."

"नाई दिसत?"

"तुम्हाले धरून हाये ना मी."

खुर्चीबाहेर आलेल्या तिच्या मनगटावर लीलाबाईंनी आपला हात ठेवला.

"आयक मंग, मी सांगीन," त्या म्हणाल्या. आणि कोणाच्या वावरात किती बोंडं फुटली, कुठं वेचणी चालली, कोणत्या बांधावरची बोर वाळून गेली, असं एकेक करत त्या सांगत सुटल्या. मागं सुलोचना दात आवळून, प्रत्येक खड्ड्यानंतर, हूं म्हणत राहिली.