पाच वाजेपर्यंतचा परवाना

“ऊठ गं! भर चौकात काय फतकल मारून बसलीस?” ऑडेलियाबाईंनी झालरीची पांढरी छत्री त्या पोरीच्या नाकासमोर नाचवली. “माझ्या नातीची वरात खोळंबलीये मागे!”

मागे खरंच वरात होती. चर्चच्या पायऱ्यांवर नवरी ज्युवेल, तिचा नवरा आणि साठ वऱ्हाडी. प्रत्येकाच्या हातात हवेत फिरवायचा पांढरा रुमाल. वाजंत्रीवाल्यांचे गाल फुगायला आसुसलेले. न्यू ऑर्लिन्समध्ये रस्त्यावर नाचल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. पण ऑडेलियाबाईंच्या पर्समधला वरातीचा परवाना पाचपर्यंतचाच होता, आणि साडेचार वाजून गेले होते. एकुलती एक नात. ती का मोटारीत बसून मुकाट सासरी जाणार?

पुढे चारशे माणसं मांडी घालून बसलेली. नदीपलीकडच्या गावात एका पोलिसाने एकोणीस वर्षांच्या रोमेलला पाठीत गोळी घातली होती. त्याची आई शिरेल त्याचा फोटो मांडीवर घेऊन मधोमध बसली होती. तान्हं घ्यावं तसा.

“मला काय दुःख नाही?” ऑडेलियाबाई म्हणाल्या. “पण परवाच मी रेडिओवर फोन करून सांगितलंय. काय ओरडायचं ते फुटपाथवरून ओरडा. रस्ता गाड्यांसाठी असतो.”

“ऐकलं ना, आजी,” पोरगी म्हणाली. केंडल तिचं नाव. “तीन आठवडे फुटपाथवरच उभे होतो. तुम्ही रोज कोळंबी घ्यायला समोरूनच जात होतात. दिसलो का कधी?”

ऑडेलियाबाईंनी छत्री खाली घेतली.

तेवढ्यात हेल्मेटवाले पोलीस आले. फौजदाराने कर्णा तोंडाला लावला. “तीन मिनिटं देतो! मग उचलून गाडीत घालीन. अहो, परवा रेडिओवर तुमच्यातलीच एक बाई बोलली. तेच मी सांगतोय. रस्ता गाड्यांसाठी असतो!”

ऑडेलियाबाई दचकल्या. आपली रविवारची ठेवणीतली हॅट परक्याच्या डोक्यावर दिसावी, तसं वाटलं त्यांना. शिरेल बाहीने फोटोवरची धूळ पुसत होती. हळूच. पोराला झोप लागलीय आणि मोडायला नको, अशा बेताने.

ऑडेलियाबाई गर्रकन वळल्या.

“वाजवा रे!”

ढोल घुमला. पितळ खदाखदा हसलं. ऑडेलियाबाईंनी आपला रुमाल केंडलच्या मुठीत कोंबला. “बघतेस काय? हलव कंबर! परवाना आहे माझ्याकडे!”

सगळ्यात आधी उमगलं नवरीला. ती किंचाळली, झग्याचा घोळ गुडघ्यापर्यंत उचलून पायऱ्यांवरून उडीच मारली तिने. मग चौक उठला. एक उठला, दहा उठले, चारशे उठले. रुमाल नव्हते त्यांनी फलक फिरवले. रोमेलच्या नावाचा घोष ढोलाच्या ठेक्यात असा बसला, जणू गाणं त्याच्यासाठीच बांधलं होतं. एका म्हाताऱ्याने कुबडी डोक्यावर घेतली. केंडल रडत होती की हसत होती, ते तिलाच सांगता आलं नसतं.

फौजदार घाम पुसत गर्दीत घुसला. ऑडेलियाबाईंनी परवाना त्याच्या हातात ठेवला. “बाई, इथे साठ वऱ्हाडी लिहिलेत!”

“मागून येऊन नाचणाऱ्याला मोजतात होय? तुम्ही इथलेच ना, साहेब?”

फौजदार इथलाच होता. त्याच्या लग्नात एक अख्खा अनोळखी बेसबॉल संघ नाचून, वर जेवूनही गेला होता.

“आणि हा? फोटोतला?”

“आमच्याकडचाच,” ऑडेलियाबाई म्हणाल्या. “त्याला यायला जमलं नाही.”

फौजदाराची नजर खाली गेली. कागदावर.

“हां, तिथेच वाचा. शेवटची ओळ. ‘वरातीपुढे पोलिसांच्या दोन मोटारसायकली, रस्ता मोकळा करून देण्यासाठी.’ मग? कसली वाट बघताय? पाचला वीस कमी आहेत.”

त्याने ती ओळ दोनदा वाचली. कागद उलटून मागे काही सूट आहे का, तेही पाहिलं. मग निमूट मोटारसायकलकडे गेला.

वरात निघाली. पुढे दोन मोटारसायकली. मागे वाजंत्री. मग नवरा-नवरी, आणि झालरीच्या छत्रीखाली ऑडेलियाबाईंच्या कुशीला लागून, पाऊल अडखळत, मग हळूहळू ठेक्यात टाकत शिरेल. मागे सगळा गाव.

पहिल्याच वळणावर एका ट्रकवाल्याने भोंगा दाबला तो सोडेचना.

“अरे थांब!” फौजदार हात आडवा घालून गरजला. “माणसं चाललीत, दिसत नाही?”