चाळीस भोकं

बशीत पेला किणकिणला. आम्ही तिघं चहाला बसलो होतो. माझ्या नवऱ्याने, याशारने, तो घाईघाईने दोन्ही हातांनी धरला.

"हात थरथरतायत तुझे," मी म्हटलं.

"थंडीने."

"तबरीझच्या भर उन्हाळ्यात?"

तो हसला आणि साखरेचा खडा दाढेत धरून चहा पिऊ लागला. सलग पाचव्या जुम्म्याला, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो कामावर निघाला होता. आज तरी राहा, असं मी सकाळपासून तीनदा म्हणून झालं होतं.

सेविलने त्याच्या खिशातून बोटाएवढं ड्रिल काढलं. धार लावायला तो ते घरी आणतो, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

"बाबा, हे मोडलंय?"

"मोडेल कसं? अजून कापतंय ते. पण पोलादात चाळीस भोकं झाली की मी त्याला मशीनवरून उतरवतोच."

"कापतंय तर का उतरवायचं?"

"अगं, मोडायची वाट बघतो तो कसला उस्ता, कसला कारागीर? आधी त्याचा आवाज बदलतो. कान देऊन ऐकावं लागतं. उगाच नाही माझं ड्रिल इतरांच्या दुप्पट टिकत!"

तिच्या केसांवरून हात फिरवून तो निघाला. जिन्यात त्याचा खोकला ऐकू आला. मधल्या मजल्यावर तो थांबला, पुन्हा खोकला, मग पावलं खाली गेली. आम्ही दोघी दारात कान देऊन उभ्या होतो.

"आई," सेविलने विचारलं, "बाबाची चाळीस झाली की त्याला कोण उतरवतं?"