दुकान वाढवलं

१९५६ सालच्या चैत्रात, भर दुपारी, पिंपरीच्या मंजुळाबाईंनी कुसुमच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "बयो, उद्या दुकान वाढवायचं."

सात वर्षांची कुसुम हरखली. "किती?"

"किती म्हंजी? समदंच."

कुसुमची आई आदल्या वर्षी गेली होती. वडील, मारुतराव, लेकीला घेऊन साताऱ्याकडून आले आणि औषधांच्या नव्या कारखान्यात लागले. सकाळी ते कामावर गेले की खोलीत कुसुम आणि पाण्याचा माठ. शेजारच्या पोरी तिच्या बोलण्याला हसत. दिवेलागणीला घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून ती दुपारीच दुकानात जायची. कधी हिंगाला, कधी काडेपेटीला, कधी नुसतीच. दुकान तरी केवढं? पोत्यांच्या मधे एका माणसापुरती जागा. तिथे मंजुळाबाई बसत. कुसुम बाहेर, तापलेल्या पायरीवर.

"मग मला आत बसायला जागा होईल?" तिने विचारलं.

मंजुळाबाईंचा हात ढेपेवरच थांबला. "तुज्यापुरती जागा कवाबी व्हती, बयो," त्या म्हणाल्या. "माज्याच ध्यानात आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी कुसुम आईचा पाट डोक्यावर घेऊन निघाली. दुकानाच्या फळ्या लागलेल्या होत्या. कडीला कुलूप. वाढवायचं काम आत चाललं असेल, असं समजून तिने पायरीवर पाट मांडला आणि फळीला कान लावून बसली. आत उंदीरसुद्धा हलत नव्हता.

उन्हं कलली तेव्हा शेजारच्या रानातले आबाजी बैल घेऊन परतत होते. "कुणाची वाट बघतीस गं?"

"दुकान वाढवतायत. झालं की मी आत बसणार."

आबाजी हसले. मग तिच्याखालचा पाट त्यांना दिसला आणि हसू तिथेच राहिलं.

"अगं, दुकान बंद केलं असं तोंडानं म्हनू न्हाई. वाढवलं म्हनत्यात. नजर गेली मंजुळाची. पहाटंच भावाच्या गाडीतनं चाकणला गेली. आता न्हाई यायची ती."

कुसुमने पाट उचलला. जाताना तो डोक्यावर घेतला नाही, पोटाशी धरला.

मंजुळाबाई भावाच्या घरी चाचपडत कांदे निवडत राहिल्या आणि दोन वर्षांनी वारल्या. आबाजींच्या रानात पुढे कारखान्याची शेड उभी राहिली. बैल त्याआधीच विकले होते. मारुतरावांनी औषधांच्या त्याच कारखान्यात नोकरी पुरी केली. दुसरं लग्न केलं नाही, घरात फारसं बोललेही नाहीत. कुसुमताईंनी दापोडीत रुळांजवळ किराणा दुकान काढलं आणि चाळीस वर्षं चालवलं. आत पोत्यांशेजारी एक पाट कायम मांडलेला असे.

संध्याकाळी फळ्या लावताना जाणारे-येणारे विचारत, "काय ताई, वाढवलं का?"

"बंद केलं," त्या म्हणत. "सकाळी उघडते."